‘विचारलंस’ या एका शब्दासाठी : कविसंमेलनातल्या मंडळींना खुलं पत्र

गावोगावी कविसंमेलनं भरवणारे आयोजक, माइकपाशी उभे राहणारे सूत्रसंचालक आणि समोर सतरंजीवर, खुर्च्यांवर बसणारे रसिक यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या कार्तिकात तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात मी एक कविता वाचली. बारा ओळींची. वाचायला एक मिनिटही लागलं नाही. तेव्हापासून त्या कवितेबद्दल जे जे माझ्या कानावर येतंय, त्यात माझं नाव आहे, वय आहे, माझे यजमान आहेत, आमची संस्कृती आहे, फक्त कविता नाही. म्हणून हे पत्र. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला तुकडा फिरतोय, तो दुसऱ्या ओळीला सुरू होतो आणि पाचवीला संपतो. तेव्हा आधी अख्खी कविताच इथे देते.

दिवा मालवल्यावर
अंगावरचा दिवस आधी उतरवला आपण,
मग बाकीचं.
तुझ्या तळहाताला अजून तेलाचा वास होता,
माझ्या पाठीला उन्हाचा.
सव्वीस वर्षांची पाठ झालेली वाट
तू अंधारात पुन्हा चुकलास,
थांबून विचारलंस,
जाऊ का पुढे?
मी हो म्हणाले.
बाहेर पाऊस कधी उघडला
दोघांनाही कळलं नाही.

मी खाली बसायच्या आत सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, “मंडळी, आता जरा गार पाणी प्या.” सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे माझ्या यजमानांकडे वळून बघायला लागले. त्यांनी मान खाली घातली नाही, हे मला आजही बरं वाटतं. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ कवी म्हणाले, “धाडस केलंत.” एक प्राध्यापक म्हणाले, “फारच बोल्ड.” आयोजकांपैकी एकांनी बाजूला घेऊन अगदी आपुलकीने सुचवलं, “ताई, पुढच्या वेळी आईवरची वाचा.” दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर यजमानांना कुणीतरी विचारलं, “वहिनींनी बरंच सांगितलं म्हणे काल?” आणि चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला एका अनोळखी माणसाचा फोन आला. कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक कवीच्या नावापुढे मोबाइल नंबर छापला होता, तिथून त्यांनी तो घेतला होता. ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्या माणसाने माझी कविता आमंत्रणपत्रिका म्हणून वाचली होती.

‘धाडस’ म्हणणारे आणि रात्री फोन करणारे सारखे आहेत असं मी म्हणत नाही. पण दोघांनीही एकच केलं. कविता बाजूला सारली आणि बाईकडे पाहिलं. एकाने आदराने पाहिलं, एकाने वखवखून पाहिलं. कविता दोघांकडूनही राहून गेली.

आता त्या बारा ओळींत काय आहे ते मीच सांगायचं का? कवीने आपल्या कवितेचा अर्थ सांगू नये असा संकेत आहे, आणि एरवी मीही तो पाळते. पण तेलाबद्दल इतक्या जणांनी इतकं काही लावून घेतलं की बोलणं भाग आहे. ते तेल मोटारीचं आहे. यजमान शेतीपंप दुरुस्त करतात. कितीही साबण लावला तरी ग्रीसचा वास त्यांच्या तळहातातून जात नाही, सव्वीस वर्षांत गेलेला नाही. माझ्या पाठीला उन्हाचा वास आहे, कारण दिवसभर मी बागेत होते. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. कवितेतली रात्र छाटणीनंतरची आहे, बाग फुलोऱ्यात असतानाची.

द्राक्षवाल्याला फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे काय, हे तासगाव-मिरजेकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. डावणी रोगाची भीती, घड कुजण्याची भीती. पाऊस सुरू झाला की घरातलं कुणी झोपत नाही. कान पत्र्याकडे लागलेले असतात. थेंब थांबला रे थांबला की रात्री दोन वाजोत नाही तर तीन, ट्रॅक्टर काढून औषध मारायला जायचं. अशा रात्री पाऊस कधी उघडला हे नवरा-बायको दोघांनाही कळलं नाही.

ही ओळ त्या सभागृहात एकाच माणसाला लागली. ते कवी नव्हते. मुलगी कविता वाचणार होती म्हणून आलेले एक बागायतदार. बाहेर चपला शोधताना ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “फुलोऱ्यात बाग असताना पाऊस उघडलेला कळला नाही, म्हणजे बाई, मोठीच गोष्ट आहे.” एवढं बोलून ते गेले. त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. माझ्या कवितेतल्या शृंगाराचं इतकं नेमकं माप दुसऱ्या कुणी घेतलं नाही. शरीराचा एकही शब्द न उच्चारता त्यांनी ते घेतलं.

दुसऱ्या एक आजी. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीतल्या. पाण्याच्या पिंपाशी माझं मनगट धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ते मधलं परत म्हण.” मी विचारलं, कुठलं? “थांबून विचारलंस, ते.” मी म्हटलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “आम्हाला कुणी विचारलं नाही बाई कधी.” माझं मनगट सोडलं आणि पदर सारखा करत त्या निघून गेल्या.

ही कविता मी त्या एका शब्दासाठी लिहिली. ‘विचारलंस.’ फिरणाऱ्या तुकड्यात तो शब्द नाही. ज्यांनी मला धाडसी म्हटलं त्यांनाही तो ऐकू आला नाही आणि ज्यांनी संस्कृतीची आठवण करून दिली त्यांनाही नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झालेला, सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं ज्याला सगळ्या गावाने सांगितलं आहे असा पुरुष अंधारात थांबतो आणि विचारतो. ही गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी वाटली नाही का?

संस्कृतीबद्दल माझ्याशी जे बोलले त्यांना माझं मनापासून सांगणं आहे, आपलं घर नीट उघडून बघा. मराठीचं पूर्वरूप असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात, गोदावरीच्या परिसरात, हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आपल्याकडे आहे. सातशे गाथांचा हा संग्रह स. आ. जोगळेकरांनी 1956 साली मराठीत आणला, मोठी प्रस्तावना लिहून. आमच्या वाचनालयातली प्रत मी तीनदा घरी नेली आहे. त्यातली दुसरीच गाथा काय म्हणते? अमृतासारखं प्राकृत काव्य ज्यांना वाचता येत नाही, ऐकता येत नाही, आणि तरी जे कामतत्त्वाच्या चर्चा करत बसतात, त्यांना लाज कशी वाटत नाही? लाज कुणाला वाटायला हवी, हे तिथे ग्रंथाच्या दाराशीच लिहून ठेवलंय.

आणि पुढे काय सापडतं? पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. त्याची नजर वर, पाणी घालणाऱ्या मुलीकडे. पाणी पिणं जास्त वेळ चालावं म्हणून तो बोटांच्या फटी वाढवत जातो. तीही धार आणखी आणखी बारीक करत जाते. बस्स, एवढीच गाथा. कुणी कुणाला हात लावलेला नाही. मला वाटतं, माझ्या कवितेतल्या ‘विचारलंस’ची ही पणजी आहे. त्याने फट ठेवली, तिने धार बारीक केली. विचारणं झालं, हो म्हणणंही झालं.

याच गाथांवर पुढे संस्कृतात टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्यं, लिहिली गेली. गंगाधरासारखे टीकाकार गाथेला हात घालताना आधी ठरवतात की हे कोण बोलतंय आणि कुणाला उद्देशून. सखी नायिकेला सांगतेय, दूती नायकाला टोमणा मारतेय, की सून सासू ऐकेल अशा बेताने वाटसरूशी बोलतेय. त्यांचा अंदाज कधीकधी ओढूनताणून आणलेला वाटतो, ते खरं. पण प्रश्न योग्य आहे. कवितेत कोण बोलतंय? परंपरेने यातल्या काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर सांगितल्या आहेत. अनुलक्ष्मीच्या नवऱ्याला कुणी टपरीवर गाठून विचारलं होतं का, अशी नोंद टीकाकारांनी ठेवलेली नाही. त्यांना ती गरजच वाटली नाही.

तिथून खाली या. ज्ञानदेवांची विरहिणी म्हणते, ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी’. बाईचं अंग, अंगावरची चोळी, चोळीचा दाह. हे आपण पहाटे रेडिओवर लावतो, चहा गाळता गाळता गुणगुणतो. जनाबाई डोईचा पदर खांद्यावर आणून भर बाजारात जायचं म्हणते आणि ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा’, म्हणजे वेश्या, असं आपल्या तोंडाने सांगते. त्याला आपण हात जोडतो. समोर विठ्ठल आहे म्हणून ते चालतं, असं मला एका गृहस्थांनी समजावलं. मला ते पटत नाही. देवाला दिलेले शब्द माणसाच्याच अंगातून आलेत. ज्याने कधी अंगाची ओढ ओळखली नाही, त्याला विरहिणी कळायची कशी?

आणि लावणी. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, ही सगळी पुरुष मंडळी बाईच्या तोंडून बोलली. तिची रात्र, तिची शेज, तिची तक्रार, सगळं. त्यांना आपण शाहीर म्हणतो, त्यांच्या भाषेवर प्रबंध लिहितो. बाईच्या अंगाबद्दल पुरुषाने लिहिलं की ती कला होते. त्याच अंगात राहणाऱ्या बाईने लिहिलं की तो तिचा खाजगी वृत्तांत होतो. हा फरक मला कुणीतरी समजावून सांगावा. पु. शि. रेग्यांच्या कवितेतली स्त्री देहासकट येते, भरभरून येते, आणि समीक्षक त्यांच्या शब्दकळेवर बोलतात, नादावर बोलतात. तसंच बोलायला हवं. इंदिरा संतांच्या कवितेपाशी आलो की मात्र आपण ‘शेला’ आणि ‘मेंदी’ या संग्रहांच्या ओळीओळीत त्यांचं वैधव्य शोधत बसतो, त्यांचे पती ना. मा. संत यांची सावली शोधत बसतो. शोक असला तरी बाईचा खाजगीच, सुख असलं तरी खाजगीच. तिने काही रचलं असेल, शब्द खोडून दुसरा घातला असेल, हे आपल्या मनातच येत नाही. माझ्या कवितेत आधी ‘मी हो म्हणाले’च्या पुढे आणखी दोन ओळी होत्या. मी त्या आठ दिवस वागवल्या आणि काढून टाकल्या. त्या खऱ्या होत्या, पण कवितेला नको होत्या.

एक हकीकत मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिचा धागा आपल्या मराठी राज्याला जोडलेला आहे. तंजावरला व्यंकोजी राजांपासून भोसल्यांची गादी होती. त्यांच्यातल्या प्रतापसिंहांच्या दरबारात, 1739 ते 1763 या काळात, मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. गणिका होती, तेलुगू आणि संस्कृत जाणणारी होती. तिने ‘राधिका सांत्वनमु’ हे शृंगारकाव्य लिहिलं. कृष्ण दुसरीत रमलाय, राधा रुसली आहे आणि तो तिची समजूत काढतोय. शृंगारात पुढाकार राधेचा. काव्याच्या आरंभी मुद्दुपळनी आपल्या आजीचं, तंजनायकीचं नाव अभिमानाने घेते आणि स्वतःच्या विद्येबद्दलही न लाजता सांगते. मराठी राजाच्या दरबाराला हे सोसलं. सोसलं कशाला म्हणू, मानाने मिरवलं.

दीडेकशे वर्षांनी काळ पालटला. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेले कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्यासारखे थोर सुधारक तेलुगू कवींची चरित्रं लिहिताना मुद्दुपळनीपाशी आले आणि त्यांनी तिला व्यभिचारिणी ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की या काव्यातले काही भाग बाईच्या कानावरही पडू नयेत, मग तिच्या तोंडून निघणं तर दूरच. पुढे निघालेल्या एका आवृत्तीतून काही पद्यं आणि तिची ती प्रस्तावनाही गाळली गेली. तेव्हा गायिका बंगळूर नागरत्नम्मा उभी राहिली. तिने मूळ पोथी मिळवली आणि 1910 साली अख्खं काव्य छापून आणलं. वीरेशलिंगमना तिने जाहीर प्रश्न केला, औचित्य आणि लाज या गोष्टी काय फक्त बायकांसाठीच आहेत? पुरुषांनी याहून उघडं लिहिलं, ते तुम्ही स्वतः तपासून छापलंत, ते कसं चाललं? उत्तर आलं ते पोलिसांकडून. 1911 मध्ये प्रती जप्त झाल्या, बंदी आली. ती उठायला 1947 साल उजाडावं लागलं.

वीरेशलिंगम वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला ही हकीकत जास्त टोचते. बाईचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून ज्यांनी समाजाचा मार खाल्ला, त्यांनाही त्या लग्नातल्या रात्रीबद्दल बाईने बोललेलं सहन झालं नाही. मला ‘आईवरची वाचा’ म्हणणारे गृहस्थही वाईट नाहीत. मुलींच्या शाळेसाठी ते गेली कित्येक वर्षं झटतायत, हे मी जाणते. म्हणूनच त्यांच्याशी मला भांडावंसं वाटतं.

पुरुष लेखकांना या बाबतीत काही सोसावंच लागलं नाही असं मी म्हणणार नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 च्या एका दिवाळी अंकात आली आणि तिच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्याचा निकाल लागायला थेट सर्वोच्च न्यायालय आणि 1969 साल लागलं. पण त्या निकालातली एक गोष्ट आपल्यासारख्या साध्या रसिकांनी उचलावी अशी आहे. न्यायाधीशांनी साहित्यकृती अख्खी लक्षात घेतली, वेचलेल्या चार उताऱ्यांवर निकाल दिला नाही. कायद्याला जे जमतं ते आपल्याला वाचनालयाच्या सभागृहात जमू नये का?

तर आयोजकांना माझं पहिलं मागणं अगदी साधं आहे. कार्यक्रमपत्रिकेवर कवींचे मोबाइल नंबर छापू नका. कुणाला कवीशी बोलायचंच असेल तर तुमच्यामार्फत बोलू द्या. रात्री साडेदहानंतर वाजलेल्या फोनच्या भीतीने एखादी मुलगी पुढच्या वर्षी येणार नाही, आणि ती का आली नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आमच्याच तालुक्यातली एक मुलगी मला म्हणाली, “मावशी, माझ्याकडे आहेत अशा कविता, पण मी त्या वहीतच ठेवते.” बावीस वर्षांची आहे. तिच्या वहीतल्या दोन कविता मी वाचल्यात. त्या माझ्याहून चांगल्या आहेत.

सूत्रसंचालकांनो, कविता संपल्यावर लगेच बोलू नका. तुम्हाला शांततेची भीती वाटते, कार्यक्रम पडेल असं वाटतं, हे मी समजू शकते. पण अशा कवितेनंतरची शांतता हाही तिचाच भाग असतो. बोलायचंच झालं तर एखादी ओळ परत म्हणायला सांगा. गझलेच्या मैफलीत ‘मुकर्रर’ म्हणतातच की. त्या आजींनी तेच केलं, ‘परत म्हण’ म्हणाल्या. गार पाण्याचा तो विनोद तुम्हाला साधा वाटला असेल. पण त्या हशात सभागृहातल्या सगळ्या बायकांनी खाली पाहिलं. मी माइकपाशीच होते, मला वरून दिसत होतं. ज्या कवितेत पुरुष थांबून विचारतो, तिच्यावर न विचारता हसण्याचा हक्क तुम्ही सगळ्या सभागृहाला देऊन टाकलात.

आणि रसिकहो, तुम्हाला शृंगाराची कविता आवडली नाही तर जरूर सांगा. सहावी ओळ लांबली म्हणा. ‘पाठ’ शब्दाचा खेळ उगाच केलाय म्हणा. माझ्या यजमानांनी कागदावर पहिल्यांदा वाचली तेव्हा हेच म्हणाले होते. ते कविता वाचणाऱ्यांतले नाहीत. पण दोनदा वाचून, बोट ठेवून म्हणाले, “इथे अडखळायला होतंय.” मी म्हटलं, अडखळायलाच हवं, तिथे वाट चुकलीय. मग त्यांनी मान हलवली. टपरीवर ज्यांनी त्यांना छेडलं, त्यांना त्यांनी काय उत्तर दिलं ते मला नंतर समजलं. ते म्हणाले, “पाठ आहे मला. म्हणून दाखवू?” आणि त्यांनी ती उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. कप हातात घेऊन सगळे ऐकत राहिले म्हणे. एकजण म्हणाला, “अरे, हे तर पावसाचं आहे.” तोही द्राक्षवाला.

येत्या माघात तुमच्यापैकीच काहींनी मला पुन्हा बोलावलंय. निरोपात ‘विषय : निसर्ग’ असं लिहिलंय. मी येणार आहे आणि हीच कविता वाचणार आहे, ती बावीस वर्षांची मुलगीही माझ्याबरोबर येते आहे. त्या आजी कुणाला माहीत असतील तर त्यांना एवढं कळवा, की ‘थांबून विचारलंस’पाशी या वेळी मी जरा जास्त थांबेन.

आपली,
तासगाव तालुक्यातली एक कवयित्री